गाडी अडखळते तेव्हा

गेल्या काही दिवसांत आपल्या केंद्रावर गाडीबद्दल जे फोन आले, त्यांत एक दुखणं सारखं सारखं ऐकू आलं. कुणी म्हणालं, "सिग्नलला, फाटकाला थांबलं की गाडी भकभक करून बंद पडते." कुणी म्हणालं, "रेस दिली की आधी गचका खाते, मग पळते." आणि जवळजवळ प्रत्येकीनं जाता जाता आणखी एक वाक्य जोडलं, "घरचे म्हणतात, गाडी चांगली आहे, तुलाच चालवता येत नाही."

या शेवटच्या वाक्यासाठी मी आज बोलायला बसले आहे. गाडीचं दुखणं आणि चालवणारीचं कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करून दाखवता येतात.

एका ताईंचंच घ्या. त्या पहाटे 5 वाजता दुधाचे कॅन लावून संकलन केंद्रावर जातात. गावाच्या फाट्यावर मोठा रस्ता ओलांडावा लागतो. ट्रक लांब आहे बघून त्या गाडी रस्त्यात घालतात, रेस देतात, आणि गाडी क्षणभर गप्प होते. मागे 40 लिटर दूध, समोर ट्रकचे दिवे. ही काही किरकोळ तक्रार नव्हे, यात जीव जाऊ शकतो. घरी सांगितलं तर मालकांनी दुपारी गाडी फिरवून आणली आणि म्हणाले, काही झालेलं नाही. दोघंही खरं बोलत होते. पहाटे इंजिन गार असतं, दुपारी तापलेलं असतं. बिघाड फक्त गार इंजिनात दिसत होता. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. गाडी दुसऱ्याला दाखवायची असेल तर ज्या वेळी ती अडखळते त्याच वेळी, त्याच अवस्थेत दाखवा. मेकॅनिककडेही रात्री गाडी ठेवून या आणि सांगा, सकाळी पहिली किक तुम्हीच मारा.

आता इंजिन का अडखळतं ते थोडक्यात. इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचं बरोबर मिश्रण, वेळेवर ठिणगी, आणि आतला दाब. 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला वजनानं साधारण 14 ते 15 ग्रॅम हवा लागते. गॅसच्या शेगडीचं तसंच असतं, हवेचं भोक तुंबलं की ज्योत पिवळी होते आणि भांड्याचं बूड काळं होतं. इंजिनातही हवा कमी पडली की काजळी धरते. उलट पेट्रोल कमी पडलं की ते गुदमरतं, गचके देतं.

मग उभ्या गाडीतच हे जास्त का जाणवतं? आपल्या 100-125 सीसीच्या गाड्या उभ्या असताना इंजिन मिनिटाला साधारण 1400 फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल जळतं, म्हणजे मिनिटाला 700 वेळा. दर वेळी आत जाणारं पेट्रोल अगदी थेंबाचा अंश. एवढ्याशा मापात थोडी हवा जास्त गेली किंवा एखादी ठिणगी हुकली, तरी इंजिन धडपडतं. वेगात असताना चाकाचा रेटाच इंजिनाला पुढे ओढतो, त्यामुळे तेच दुखणं झाकलं जातं.

दुरुस्तीच्या आधी चार दिवस नुसतं बघा. घरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. गाडी गार असताना अडखळते की तापल्यावर? उभी असताना, की रेस देताना, की चढाला? पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतं का? पेट्रोल भरल्यापासून सुरू झालं का? या नोंदींनी अर्धं काम होतं. ज्या मेकॅनिकला हे प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत, त्याच्या हातात पाना द्यायला मला तरी धीर होत नाही.

काही वेळा इंजिनाचा काहीच दोष नसतो. गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हातानं फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक धरून बसला असेल, साखळी फार ताणलेली असेल किंवा टायरात हवा कमी असेल, तर गाडी ओढत नाही आणि आपल्याला वाटतं पिकअप गेला. स्कूटर असेल आणि फक्त जागेवरून निघताना थरथरत असेल, पण उभी असताना इंजिन सुरळीत चालत असेल, तर दोष बहुधा मागच्या क्लचमध्ये किंवा बेल्टमध्ये आहे. त्यासाठी कार्बोरेटर खोलू देऊ नका.

आणखी एक सोपी परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज आपोआप वाढला-कमी झाला, तर रेसची केबल कुठेतरी ताणली जाते आहे. वळणावर अचानक रेस वाढणं फार वाईट. केबलची जागा बदलून किंवा ढील देऊन हे मिटतं.

आता पेट्रोल. टपरीवर बाटलीत मिळणारं पेट्रोल शक्यतो घेऊ नका. त्यात काय मिसळलंय आणि बाटली आधी कशाची होती, कुणाला ठाऊक. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा आपल्याला हक्क आहे. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकतात. दोन मिनिटांत तो उडून गेला आणि डाग राहिला नाही तर पेट्रोल शुद्ध, डाग राहिला तर भेसळीचा संशय. मापाची शंका असेल तर 5 लिटरच्या मापात मोजून दाखवा असंही म्हणता येतं. ही मेहरबानी नव्हे, पंपावर त्याची सोय ठेवावीच लागते.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही उसापासून झालेलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं. पावसाळ्यात टाकीचं झाकण नीट बसत नसेल किंवा गाडी महिना-दोन महिने उभी असेल, तर कार्बोरेटरच्या तळाशी हाच पाणचट थर साचतो आणि गाडी भकभकते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक छोटा स्क्रू असतो. इंजिन गार करून, काचेची स्वच्छ बाटली खाली धरून तो सैल केला की वाटीतलं पेट्रोल बाहेर येतं. बाटली पाच मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आलंच म्हणून समजा. हे काम चुलीपासून, देवघराच्या दिव्यापासून लांब, उघड्यावर करायचं. काढलेलं पेट्रोल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. गाडी फार जुनी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्याही बोटानं दाबून बघा. चिरा पडलेली किंवा घाम आल्यासारखी ओली दिसणारी नळी लगेच बदला.

गाडी पाच-सहा किलोमीटर छान जाते, मग गुदमरून बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू होते, असं होत असेल तर बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज झाला आणि मग गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक तुंबलंय. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. हजार रुपयांचं काम नाही हो हे, झाकण साफ करायचं काम आहे.

यानंतर प्लग. मला विचाराल तर प्रत्येक बाईला आपल्या गाडीचा प्लग काढून बघता आला पाहिजे, कारण इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते प्लग सांगतो. वैद्य जीभ बघतो ना, तसं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. साडी असेल तर पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा. प्लगभोवतीची माती आधी ब्रशनं झाडा, नाहीतर प्लग काढल्यावर ती सरळ इंजिनात पडते. कॅप ओढताना वायरीला धरून नका ओढू, कॅपलाच धरा. मग प्लगपान्यानं सोडवा.

टोकाचा रंग चहाच्या फिकट तपकिरी रंगासारखा असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. म्हणजे एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक ओढलेलाच राहतोय. काळं आणि तेलकट, ओलं असेल तर इंजिन ऑइल जळतंय. तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धूरही दिसेल, आणि ते मोठं काम आहे, पैशांची तयारी ठेवूनच गॅरेजला जा. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. असा प्लग दिसला तर गाडी ताणून चालवू नका, इंजिन तापून खराब होतं.

टोकाशी जी फट असते तिचं माप गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आपल्या गाड्यांत ते साधारण 0.6 ते 0.9 मिलिमीटरच्या दरम्यान असतं. फट वाढली की ठिणगी हुकते, आणि ती नेमकी रेस देताना हुकते. पॉलिश पेपरनं प्लग घासू नका, त्याचे कण अडकून बसतात. जुना दात घासायचा ब्रश पुरे. टोक झिजून गोल झालं असेल तर साफ करत बसू नका, नवाच घाला. 100-150 रुपयांच्या आसपास मिळतो, पण नंबर गाडीच्या पुस्तकातलाच हवा. दुकानदार "हा पण बसतो" म्हणेल. बसतो, पण चालेलच असं नाही.

प्लग परत बसवताना आधी पाना लावायचाच नाही. बोटांनी आटे फिरवायचे. सहज फिरला तरच पुढे जा. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. तिरका घुसवला तर आटे जातात आणि दीडशेचं काम दीड-दोन हजारांवर जातं. वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला पान्यानं साधारण अर्धा फेरा, जुन्याला अगदी थोडासा. दंडाचा जोर दाखवायची ही जागा नाही. काही मेकॅनिक प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवतात आणि किक मारून ठिणगी बघतात. ते तुम्ही करू नका. झटका बसतो, आणि जवळ पेट्रोलची वाफ असली तर पेट घेते.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर अडखळत असेल तर प्लगपेक्षा कॅप आणि वायरीवर संशय घ्या. रात्री अंधारात, उघड्यावर गाडी चालू करून वायरीकडे लांबूनच बघा. तडा गेलेल्या जागी बारीक निळी ठिणगी उडताना दिसते. हात लावू नका. कॅप बदलली की काम झालं. आणि कृपा करून कुठलीही परीक्षा घेताना गाडी बंद खोलीत किंवा गोठ्यात चालू ठेवू नका. तो धूर वास न येताही जीव घेतो.

एअर फिल्टरचं थोडक्यात सांगते. ऊसतोडीच्या दिवसांत, खडीच्या रस्त्यावर तो पुस्तकात दिलेल्या अंतराच्या आधीच भरतो. स्पंजचा असेल तर धुता येतो. कागदाचा असेल तर अजिबात धुवायचा नाही. काही कागदी फिल्टरना कारखान्यातूनच तेल लावलेलं असतं, त्यांना हवाही मारायची नसते. ते बदलायचेच. फिल्टर काढून टाकून गाडी पळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. धूळ सरळ सिलिंडर घासते.

आता परत पहाटेच्या दुधाच्या गाडीकडे येऊ. त्या गाडीला चोक होता. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून मिश्रण घट्ट करायचं असतं. एक-दोन मिनिटांत इंजिन तापलं की चोक परत ढकलायचा. पण त्यांना चोक काढला की गाडी बंद पडायची, गाडी तापल्यावरही किंचित चोक ओढला की बरी चालायची. ही फार उपयोगी खूण आहे. तापलेल्या इंजिनात चोक ओढल्यावर गाडी सुधारत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडत असेल तर पेट्रोल आधीच जास्त आहे.

पेट्रोल कमी पडण्याची दोन मोठी कारणं. कार्बोरेटरमध्ये स्लो जेट नावाची पितळी नळी असते, तिचं भोक सुईच्या टोकाएवढं. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेलं की उरलेला चिकट साका तिथं बसतो. ती काढून कार्बोरेटर क्लीनरनं आणि हवेनं साफ करायची. तार किंवा सेफ्टी पिन घालायची नाही, भोक मोठं झालं तर माप कायमचं बिघडतं. दुसरं कारण, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधला रबरी जोड. त्याला चीर पडली की तिथून हवा आत ओढली जाते. इंजिन चालू असताना जोडावर साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब सोडा. इंजिनाचा सूर बदलला तर चीर तिथंच. या ताईंच्या गाडीत स्लो जेट तुंबलेला निघाला. त्याआधी त्यांना एका ठिकाणी नवा कार्बोरेटर घालायला सांगितलं होतं.

कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. एक आयडलिंगचा, तो फिरवला की उभ्या गाडीची रेस कमी-जास्त होते. तापलेल्या गाडीत तो पाव फेरा फिरवायला हरकत नाही. दुसरा मिश्रणाचा, त्याला हात लावू नका. आणि रेस वाढवून ठेवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. गाडी बंद पडत नाही, पण दुखणं तसंच राहतं आणि पेट्रोल जास्त जातं.

1 एप्रिल 2020 नंतर भारत स्टेज 6 चा नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात चोक नाही, जेट नाही. पेट्रोलचं माप छोटा कॉम्प्युटर ठरवतो. अशा गाडीत किल्ली फिरवली की इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो आणि थोड्या वेळानं जातो. इंजिन चालू असतानाही तो राहिला तर गाडीनं स्वतःच दोष पकडलाय. मेकॅनिकला सांगा, आधी कोड बघा, मग पार्ट बदला. किल्ली फिरवल्यावर दोन सेकंद पंपाचा गुणगुण आवाज येऊ द्या, मग बटण दाबा. दाबताना रेस देऊ नका. टाकी कायम रिकामी करून चालवू नका, कारण पंप पेट्रोलमध्येच गार राहतो. आणि बॅटरीची टोकं घट्ट आहेत का बघा. बॅटरी अशक्त झाली तरी या गाड्या अडखळतात. वायरींचे जोड मात्र स्वतः काढू-घालू नका.

एवढं सगळं बरोबर असूनही तापल्यावर गाडी उभ्या उभ्या बंद पडत असेल तर टॅपेट तपासून घ्या. फट फार कमी झाली तर वाल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. हे माप गार इंजिनावर घेतात, म्हणून गाडी नेऊन टाका आणि दुपारी आणा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग दोन दिवस चालवून बघा. प्लग, फिल्टर, कॅप एकदम बदललं तर गाडी सुधारेल कदाचित, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि तिन्हीचे पैसे जातील. बदललेला जुना भाग मागून घ्या. नको असला तरी मागा.

गटानं मिळून एक प्लगपाना, फट मोजायच्या पट्ट्या आणि टायरची हवा बघायचं मीटर घेऊन एकीकडे ठेवलं तर सगळ्यांचं भागतं. पुढच्या बैठकीला हप्त्यांचा हिशोब झाला की कुणाची तरी गार गाडी अंगणात उभी करा, प्लग काढा आणि हातोहात फिरवून रंग बघा. काही कळलं नाही तर दिवसा उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मंगळवारी केंद्रावर फोन करा. गाडी कोणती, किती किलोमीटर झाली आणि गार असताना अडखळते की तापल्यावर, एवढं आधी सांगा.